इनामगावच्या सांगाड्यांना पाय का नाहीत? तिथे नरबळी देत होते का?

तुम्ही विचारलंय की एका व्हिडिओत ऐकलं, इनामगावला सापडलेल्या सांगाड्यांची पावलं तोडलेली आहेत, म्हणजे तिथे माणसं बळी देत असत. हे खरं का, आणि हे सगळं कुठे बघायला मिळेल.

पावलांचं खरं आहे. बळीचं नाही.

मी पुरातत्त्वात एम.ए. केलं, पुढे त्यात नोकरी केली नाही. पण माझं सासर पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, त्यामुळे घोड नदीकाठची इनामगावची ती पांढर मी विद्यार्थिनी म्हणून पाहिली आणि नंतर सून म्हणूनही. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: कसायची ती काळी, वस्तीची ती पांढर. पिढ्यान् पिढ्यांची चुलीची राख आणि पडक्या भिंतींची माती साचून ती पांढुरकी होते. इनामगावच्या पांढरीत डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी ही त्यातली मुख्य नावं. वस्तीचा काळ साधारण इ.स.पू. १६०० ते ७००. शंभराहून जास्त घरं आणि दोनशेहून जास्त दफनं निघाली. महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांबद्दल आज आपण जे छातीठोकपणे सांगतो, त्यातलं बरंचसं या एका पांढरीने दिलेलं आहे.

आता दफनं. स्मशान वेगळं नव्हतंच. माणूस गेला की त्याला घरातच, जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसाला खड्ड्यात उताणं, डोकं उत्तरेला. जवळ वाडगे आणि तोटीची भांडी. ही जोर्वे पद्धतीची भांडी, लाल अंगावर काळी नक्षी असलेली, इतकी कडक भाजलेली की टिचकी मारली तर खणकन वाजतात. (जोर्वे हे संगमनेर तालुक्यातलं गाव, तिथे ही भांडी आधी ओळखली गेली म्हणून ते नाव.) आणि पावलं घोट्यापासून खाली नाहीत.

पायाची हाडं बारीक, ती झिजून गेली असतील, अशी शंका कोणालाही येईल. मलाही आली होती. पण एकदोन ठिकाणी तसं झालं असतं तर ठीक होतं. इथे नीट ठेवलेल्या सांगाड्यांमध्येही पुन्हा पुन्हा तेच दिसतं, आणि फक्त इनामगावला नाही, नेवासा आणि चांडोली इथल्या जोर्वे काळातल्या वस्त्यांतही. म्हणजे रीत होती.

बळी दिलेल्या माणसाला कोणी स्वतःच्या घरात, रोजच्या चुलीशेजारी, खाण्यापिण्याची भांडी देऊन निजवेल का? व्हिडिओवाल्यांनी दफनाचा फोटो दाखवला, भांडी दाखवली नाहीत.

मग पावलं का तोडली? अभ्यासक साधारणपणे सांगतात ते असं: मेलेल्याने भूत होऊन फिरू नये म्हणून. आपल्याकडे भुताचे पाय उलटे असतात हे लहानपणी सगळ्यांनी ऐकलेलं, त्यामुळे हे पटकन पटतं. मला मात्र ते अर्धंच पटतं. ज्याची भीती वाटते त्याला माणूस गावाबाहेर नेऊन टाकतो, आपल्या अंथरुणाखाली ठेवत नाही. त्यामुळे मला उलटं वाटतं. तो परत येऊ नये म्हणून नव्हे, तर घर सोडून जाऊ नये म्हणून पावलं काढली असतील. हे माझं मत आहे, अहवालातलं वाक्य नाही.

लेकरांकडे बघितलं की माझं मत आणखी घट्ट होतं. दफनांत सर्वांत जास्त लहान मुलंच आहेत. दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून, त्यात बाळ, आणि वर घराची सारवलेली जमीन. पावलं तोडायची रीत मोठ्यांपुरती. ज्याला अजून चालताच येत नाही त्याचे पाय कशाला काढायचे? नेवाशाला एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि तिच्या दोऱ्यात रेशीम आणि सूत निघालं. तान्ह्या बाळाला आपण आजही जाळत नाही, पुरतो. ही रीत थेट तिथूनच आली असं मी म्हणणार नाही, पण ऐकताना अंगावर काटा येतो खरा.

एक अपवाद मात्र जरूर लक्षात ठेवा. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचं मोठं घर निघालं, त्याला लागून धान्याचं कोठार. त्या घराच्या अंगणात चार पायांचा मोठा मातीचा रांजण होता आणि त्यात चाळिशीच्या आसपासचा एक पुरुष, पाय दुमडून बसवलेला. त्याची पावलं शाबूत. ढवळीकरांनी त्याला वस्तीचा प्रमुख मानलं. रांजणाचा आकार गर्भाशयासारखा, असंही काही जण म्हणतात. इतकं खरं की गावातल्या कोणाला चालायची मुभा होती आणि कोणाला नव्हती, यात मान दिसतो.

व्हिडिओत शिर नसलेली देवीही आली असेल. ती मातीची छोटी मूर्ती आहे, तिच्यासोबत बैल आहे, आणि ती घराच्या जमिनीखाली झाकणाच्या मातीच्या डबीसोबत जपून ठेवलेली होती. तिचं शिर कोणी उडवलेलं नाही, ती घडवलीच तशी.

आता कुठे बघायचं. इनामगावला जाल तर निराश व्हाल. उत्खननाचे खड्डे उघडे नसतात, पाटी शोधावी लागते, आणि भोवती ऊस. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एका आजोबांनी विचारलं, "काय हरवलंय का बाई?" खापरं पायाखाली येतील, ती उचलून आणू नका, जागेवरून हललेलं खापर अभ्यासाला फारसं उपयोगी पडत नाही. त्यापेक्षा पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जा. सुट्टीचा वार आधी फोन करून विचारून घ्या. तिथे जोर्वे भांड्यांपाशी थांबा आणि तोटी नीट बघा. पाणी ओतायचं भांडं आहे ते, आणि तसलंच एखादं त्या पाय नसलेल्या माणसांच्या उशाशी ठेवलेलं होतं.