अपघात टळल्यावर हात नंतर का थरथरतात? ॲड्रेनॅलिन हृदयाला घातक असतं का?

इंदूरला पलासियावर सिटी बस हँडलला घासून गेली, ब्रेक बरोबर लागला, आणि हात मात्र गाडी कडेला लावल्यावर कापायला लागले, असं तुम्ही लिहिलंय. तो ब्रेक ॲड्रेनॅलिनने दाबलाच नव्हता. पहिल्या सेकंदाचं काम मज्जातंतूंचं. त्यांच्या टोकांतून नॉरॲड्रेनॅलिन, म्हणजे ॲड्रेनॅलिनचंच भावंड, जागच्या जागी सुटतं आणि छाती धडधडते. ॲड्रेनॅलिन किडनीच्या माथ्यावरच्या ग्रंथीतून रक्तात उतरतं, त्यामुळे मागाहून पोचतं. स्नायूंतल्या बीटा-२ रिसेप्टरवर (ॲड्रेनॅलिनचा निरोप घेणाऱ्या जागांवर) ते बसलं की हात थरथरतात. दम्याचा सॅल्ब्युटॅमॉल पंप घेतल्यावर थरथरतात ते याच वाटेने. शिवाय मूठ हँडलवर आवळलेली असेपर्यंत थरथर दिसत नाही. रक्तातलं ॲड्रेनॅलिन दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं, पण ग्रंथी लगेच थांबत नाही, म्हणून सावरायला पाव तास धरा. साखरपाणी पाजणाऱ्यांना हात जोडा. यकृताने साखर आधीच रक्तात सोडलेली असते.

'घातक असतं ना?' वाचून मात्र पोहे घशाशी आले. मी भूलतज्ज्ञ, इंदूरलाच. हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकतो आणि वर्षानुवर्षं त्याच्याशीच भांडतोय.

समजा, पातालपाणीला सहलीत कुणाला मधमाश्या चावल्या. अंगावर गांधी उठल्या, आवाज बसला, धाप लागली, बीपी खाली. ही जिवावरची ॲलर्जी, आणि तिच्यावरचं पहिलं औषध ॲड्रेनॅलिनच. जवळच्या दवाखान्यात आधी काय टोचतात? ॲव्हिल (ॲलर्जीचं नेहमीचं इंजेक्शन) आणि स्टिरॉइड. ॲव्हिलने खाज जाते, सुजलेला घसा उघडत नाही. स्टिरॉइडला तास लागतात. ॲड्रेनॅलिनची ॲम्प्यूल, म्हणजे काचेची कुपी, ट्रेमध्ये पडून, कारण 'अटॅक येईल'. अहो, अटॅकची भीती खरी आहे ती तीच ॲम्प्यूल न पातळ करता शिरेत ढकलली तर. तो दोष टोचणाऱ्या हाताचा, औषधाचा नाही.

ॲम्प्यूलमध्ये १ मिलीत १ मिलिग्रॅम, म्हणजे १:१०००. मोठ्या माणसाला त्यातलं अर्धा मिली, मुलांना दर किलोला ०.०१ मिली, जास्तीत जास्त अर्धा. मांडीच्या मध्यावर, बाहेरच्या बाजूला, सरळ स्नायूत. घाई असेल तर पँटवरूनही चालतं. पाच मिनिटांत उतार नाही तर पुन्हा तेवढंच. दंडाच्या कातडीखाली देणाऱ्यांसाठी: बस गेल्यावर तुमचा चेहरा पांढरा पडला होता ना? ॲड्रेनॅलिन कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून तिथे टोचलं तर स्वतःचीच वाट अडवून बसतं. मांडीच्या स्नायूतून रक्तातली पातळी साधारण ८ मिनिटांत शिखर गाठते. कातडीखालून अर्धा तास उलटून जातो.

रोग्याला आडवं ठेवा, पाय वर. धाप फार असेल तर बसू द्या, पण उभं करून गाडीपर्यंत चालवू नका. बीपी पडलेलं असताना उभं केलं की हृदयाकडे परतणारं रक्तच आटतं, आणि माणूस तिथेच जाऊ शकतो. ॲम्प्यूल उजेडात ठेवू नये. औषध गुलाबी किंवा तपकिरी दिसलं की फेकावं. महिन्यातून एकदा ट्रे उघडून बघितला तरी पुरे, पण तेवढंही होत नाही. एका ॲम्प्यूलची किंमत पोहे-जिलबीच्या प्लेटहून जास्त नसते.

हे डोस दवाखान्यातल्या हातांसाठी आहेत, घरी सुई घेऊन बसण्यासाठी नाहीत. बीपीसाठी मेटोप्रोलॉलसारखी बीटा-ब्लॉकर (बीटा रिसेप्टर अडवणारी) गोळी चालू असेल तर ॲड्रेनॅलिनचा असर कमी पडू शकतो. मग ग्लुकागॉनचं इंजेक्शन लागू शकतं. अँजिओप्लास्टी झालेल्याला अशा वेळी देताना मॉनिटर लावा, पण द्या.

तुमच्या हृदयाचं म्हणाल तर धडधाकट हृदय असे झटके पचवतं. धडधड, घाम आणि डोकेदुखी बस समोर नसतानाही झटक्यांनी येत असेल, तर मात्र त्या वेळचं बीपी लिहून ठेवा आणि फिजिशियनला मेटानेफ्रिनच्या (ॲड्रेनॅलिन मोडून होणाऱ्या पदार्थाच्या) तपासणीबद्दल विचारा. किडनीच्या माथ्यावरच्या त्याच ग्रंथीत क्वचित गाठ असते.