गेममुळे मुलगा हिंसक होईल का?

"मॅडम, उद्या हा कुणाच्या जिवावर तर उठणार नाही ना?" भांडुपच्या एका आईचा हा प्रश्न. मुलगा नववीत, गणितात घसरलेला. आदल्या आठवड्यात त्यांनी वायफाय बंद केलं, तेव्हा त्याने त्यांना ढकललं आणि मोबाइल भिंतीवर आपटला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

अशा पालकांना मी संशोधनाचं सरळ सांगते. ऑक्सफर्डने २०१९ मध्ये १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार ब्रिटिश मुलांचा अभ्यास केला, पालकांनाही विचारलं. मारधाडीचे गेम आणि आक्रमकता यांचा संबंध दिसला नाही. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०२० मध्ये म्हटलं, की ओरडणं, ढकलणं अशा वागण्याशी थोडा संबंध दिसतो. पण हिंसाचाराचं खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही. बुद्धीचं म्हणाल तर वेगवान गेममुळे नजर आणि लक्ष तल्लख होतं, असं काही प्रयोगांत दिसलंय. त्याने बीजगणित सुधारत नाही, हेही खरं.

मग ढकललं का? मुलाशी एकट्याने बोलले. "साडेबाराला मॅच चालू होती. आम्ही चौघं टीममध्ये. मध्येच नेट गेलं की बाकीचे तिघं मरतात, मग शिव्या मला." त्या गेमला पॉज नसतो आणि एक मॅच अर्धा तास चालते.

पण साडेबाराला हा जागा का? घर एका खोलीचं. बाबा सेकंड शिफ्ट करून बाराला येतात, मग दिवा, जेवण, टीव्ही. सकाळी सातची शाळा. या वयाला ८ ते १० तास झोप हवी, याला जेमतेम पाच मिळत होती. चिडचिड आणि घसरलेलं गणित, दोन्हींचं मूळ मला इथे दिसलं.

आईवर हात टाकणं चालणार नाही, हे त्याला स्पष्ट सांगितलं. त्याने माफी मागितली. ठरलं असं: शेवटची मॅच साडेनऊच्या आत सुरू, आई मॅचआधी सांगणार, मध्येच वायफाय काढणार नाही. दहाला फोन ओट्याजवळ चार्जिंगला, मुलगा पोटमाळ्यावर. बाबा टीव्ही लावणार नाहीत; ही अट मुलाचीच. महिन्याभरात आदळआपट थांबली. रविवारच्या वेळेवरून वाद अजून होतात.

मात्र शाळा, मित्र, जेवण सुटूनही खेळ आवरत नसेल, किंवा फोनचा विषय नसतानाही मूल अंगावर येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत नंबरवर मराठीतही बोलता येतं.