मुलीनं मानधनावर जगू नये, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे

पत्र: "मॅडम, मी नाशिक जिल्ह्यात बावीस वर्षं अंगणवाडी सेविका आहे. मुलगी बी.एस्सी. संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) शिबिराला पेठ तालुक्यात एका पाड्यावर सात दिवस राहून आली आणि तेव्हापासून म्हणते, दोन वर्षांची फेलोशिप करायची, म्हणजे विद्यावेतनावर काम करायचं, सामाजिक क्षेत्रातच काम करायचं. मी तिला म्हटलं, सेवेच्या नावाखाली आयुष्य कसं जातं ते आईकडे बघ. २०२३च्या डिसेंबरात आम्ही संपावर होतो तेव्हा घर कसं चाललं, ते तिनं पाहिलंय. मिस्टरांची दोन एकर जमीन, त्यात कांदा. धाकटा मुलगा बारावीला. तिनं बँकेची नाहीतर एमपीएससीची तयारी करावी, मानधनावर जगू नये, एवढंच मला वाटतं. मी तिच्या आड येतेय का?"

ताई, नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, तुम्ही तिच्या आड येत नाही आहात. मानधन या शब्दाचा अर्थ तुम्हाला जितका कळतो, तितका आम्हा सल्ला देणाऱ्यांना कळत नाही. २ ऑक्टोबर १९७५ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हापासून तुमचं काम 'मानसेवी', म्हणजे पगाराचं नव्हे तर मानधनावरचं, धरलं गेलं. मुलांना शिकवायचं, वजनं घ्यायची, गृहभेटी करायच्या, घरपोच आहार वाटायचा, पोषण ट्रॅकर हे सरकारी अ‍ॅप भरायचं, आणि तरी तुम्ही कर्मचारी नाही. सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटी लागू होते, एवढं ठरायलाही २०२२ साल उजाडलं आणि त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. तुमची भीती बावीस वर्षांच्या अनुभवातून आली आहे. मुलीनं ती नीट ऐकून घ्यायला हवी.

पण तुम्ही दोन गोष्टींची एकच गाठ मारली आहे: लोकांसाठी काम करणं आणि कमी पैशांत काम करणं. तुमच्या पिढीला ती गाठ सोडवायची संधीच कुणी दिली नाही. तुमच्या मुलीला ती आहे, आणि ती संख्याशास्त्र शिकली म्हणून आहे.

तुमच्या कामाजवळचंच एक उदाहरण देते. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. त्यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं: बाळाचं वजन करणं, त्याला ऊबदार ठेवणं, न्यूमोनिया आणि जंतुसंसर्ग ओळखणं, उपचार करणं. शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली, तेव्हा तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. १९९९मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि २०११मध्ये केंद्र सरकारनं हीच पद्धत आशाताईंच्या कामात आणली. आज तुमच्या गावातली आशा बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाते, त्याचं मूळ तिथे आहे. बाळं वाचवली त्या बायकांनी. पण प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू कुणीतरी चोख मोजला, तुलनेसाठी गावं नीट निवडली, म्हणून ती गोष्ट दिल्लीपर्यंत पोहोचली आणि देशभर गेली. हे मोजणं ही तुमच्या मुलीची विद्या आहे.

सामाजिक संस्थांत या कामाला मॉनिटरिंग अँड इव्हॅल्युएशन म्हणतात: सर्वेक्षण आखायचं, आलेली माहिती तपासायची, कार्यक्रमानं खरंच काही बदललं का ते सांगायचं. कंपनी कायद्याच्या कलम १३५मुळे १ एप्रिल २०१४पासून मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. पैसे देणारा हिशोब आणि परिणाम दोन्ही विचारतो, म्हणून हे काम जाणणारी माणसं पगारावर ठेवली जातात. पगारावर, ताई, मानधनावर नाही. सॉफ्टवेअर कंपनीइतका तो सहसा नसतो, हेही तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते.

आणि एक जागा तिला आवर्जून दाखवा. मुंबईत देवनारला इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर पॉप्युलेशन सायन्सेस ही १९५६ सालची केंद्र सरकारची संस्था आहे. देशात किती मुलं खुरटलेली, किती बायकांना रक्तक्षय, हे ज्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतून कळतं, तिचं काम ही संस्था पाहते. लोकसंख्याशास्त्र आणि जैवसंख्याशास्त्रात एम.ए., एम.एस्सी. तिथे करता येतं. संख्याशास्त्राच्या पदवीधराला सेवेच्या क्षेत्रात शिरायला याहून सरळ रस्ता मला तरी माहीत नाही, आणि तरीही आमच्याकडे येणाऱ्या दहा मुलांपैकी एखाद्यालाच या संस्थेचं नाव ठाऊक असतं. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस मुलांना माहीत असते. तिचा तुळजापूरचा परिसर मात्र ग्रामीण विकासासाठी आहे आणि आपल्या राज्यात आहे, हे विसरलं जातं.

आता फेलोशिपविषयी. हा शब्द एकच असला तरी आतली कामं फार वेगळी आहेत. 'टीच फॉर इंडिया' म्हणजे दोन वर्षं पूर्णवेळ शहरातल्या गरीब वस्तीतल्या मुलांचा वर्ग सांभाळणं. शिकवायची ओढ नसेल तर तिथे जाऊ नये, मुलांचं नुकसान होतं. 'गांधी फेलोशिप' दोन वर्षांची आहे आणि बरंचसं काम सरकारी शाळा आणि सरकारी यंत्रणेबरोबर चालतं. 'एसबीआय यूथ फॉर इंडिया' तेरा महिन्यांची. तिच्यात एखाद्या अनुभवी संस्थेच्या आधारानं खेड्यात राहून स्वतःचा प्रकल्प उभा करायचा असतो, आणि वयाची अट २१ ते ३२ आहे. राज्य सरकारच्या 'मुख्यमंत्री फेलोशिप'ला वय २१ ते २६, पदवीला साठ टक्के आणि एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो. अटी दरवर्षीच्या जाहिरातीत पुन्हा पाहाव्यात.

या शेवटच्या दोन अटींकडे नीट बघा. एकीला वर्षाचा अनुभवच हवा आहे, दुसरी बत्तीसपर्यंत थांबायला तयार आहे. म्हणजे पदवीनंतर आधी एक-दोन वर्षं नोकरी केली तर दार बंद होत नाही. एमपीएससीचंही तेच. खुल्या प्रवर्गाला ३८व्या वर्षापर्यंत मुभा आहे, तेव्हा एकविसाव्या वर्षी गावात घालवलेल्या वर्षानं काही हुकणार नाही. शिवाय राज्यसेवेतूनच बालविकास प्रकल्प अधिकारी नेमले जातात. अंगणवाडी सेविकेची मुलगी म्हणून वाढलेली अधिकारी त्या खुर्चीत बसली तर काय होईल, याचा मी पुष्कळदा विचार करते.

पैशाचं मात्र घरात उघड बोला. ही गोष्ट आपण मुलींपासून लपवतो आणि मग त्यांच्या निर्णयावर रागावतो. धाकट्याच्या शिक्षणासाठी तिच्याकडून दरमहा काही रक्कम लागणार आहे का? सोसायटीचं कर्ज किती आहे? कांद्याला भाव मिळाला नाही तर काय? फेलोशिपच्या विद्यावेतनात एका माणसाचं भाडं, जेवण, प्रवास निघतो. त्यात दुसरं घर चालत नाही. घराला तिच्या पैशाची गरज असेल तर मी स्पष्ट म्हणेन, आधी नोकरी, मग फेलोशिप. गरज नसेल तर तेही तिला सांगा. तुमच्या काळजीचा आकडा तिच्यासमोर येऊ द्या, आकडे तिला समजतात.

माझी स्वतःची एक गोष्ट सांगते. तेवीस वर्षांची असताना मी एका संस्थेत आदिवासी भागात रुजू झाले. नेमणूकपत्र मागितलं नाही, कारण चांगल्या कामात कागद काय मागायचा, असं वाटलं. चार महिने पैसे आले नाहीत. विचारलं तर त्यागाबद्दल ऐकवलं गेलं. आजारी पडून घरी आले, ती आईनं दिलेल्या तिकिटाच्या पैशांवर. काम मी सोडलं नाही, संस्था बदलली. पण तेव्हापासून मुलांना सांगते, जी संस्था गरिबांच्या हक्काबद्दल बोलते, तिनं आधी आपल्या माणसाला लेखी पत्र आणि वेळेवर पैसे द्यावेत.

म्हणून अर्ज करताना तुमच्या मुलीनं न लाजता विचारावं. नेमणूकपत्रात रक्कम आणि कोणत्या तारखेला मिळणार ते लिहिलं आहे का? राहायची सोय कुठे, रात्री फिरतीवरून परत यायचं कसं? मार्गदर्शन कोण करणार आणि ती व्यक्ती आठवड्यातून किती वेळ भेटणार? दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर लैंगिक छळविरोधी अंतर्गत समिती असणं २०१३च्या कायद्यानं बंधनकारक आहे, तिच्या सदस्य कोण? आधीच्या तुकडीतल्या दोन मुलींशी बोलता येईल का? हा शेवटचा प्रश्न टाळणाऱ्या संस्थेत मी कुणाला पाठवत नाही. संस्थेची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे आणि नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर पाहता येते. शिबिरात जेवणखर्च घेणं वेगळं, पण नोकरी देण्यासाठी कुणी अनामत रक्कम मागितली तर तिथून उठून यावं.

सात दिवसांच्या शिबिरावर दोन वर्षांचा निर्णय घेऊ नये, असं मला वाटतं. एनएसएसचे वर्षाला १२० तास आणि ते निवासी शिबिर, यातून ओढ निर्माण होते. ती टिकते का, ते पाहायला आणखी थोडं पाणी वाहू द्यावं लागतं. सर्चच्या गडचिरोलीतल्या परिसरात, शोधग्राममध्ये, २००६पासून 'निर्माण'ची युवा शिबिरं होतात. आपण कोणत्या प्रश्नावर काम करायचं, हे मुलं तिथे शोधतात. चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला बाबा आमट्यांनी १९६७मध्ये सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी मे महिन्यात भरते. यांपैकी एक करावं, आणि परीक्षेनंतर एखाद्या संस्थेत दोन महिने बिनपगारी नव्हे तर निदान खर्च मिळेल अशी इंटर्नशिप करावी. पाड्यावर पावसाळ्यात राहून पाहावं. शिबिरं बहुधा हिवाळ्यात असतात, म्हणून हे सांगते.

पण या सगळ्याच्या आधी एक काम तुमच्याच हातात आहे. पुढच्या महिन्यात तुम्ही वजनं घ्याल तेव्हा तिला दिवसभर बरोबर न्या. वजनकाट्यावर मूल हलतं तेव्हा तुम्ही आकडा कसा ठरवता, कोणत्या घरातली आई मुलाला आणतच नाही, सॅम-मॅमच्या, म्हणजे तीव्र आणि मध्यम कुपोषित मुलांच्या, यादीत नाव घालताना तुमचा हात कुठे अडतो, पोषण ट्रॅकरमध्ये काय बसतं आणि काय बाहेर राहतं, हे सगळं तिला दाखवा. संध्याकाळी तुमचं रजिस्टर तिच्यासमोर उघडा आणि या आकड्यांतून तुला काय दिसतं, ते तिला विचारा. ती काय म्हणाली ते मला जरूर कळवा. तिच्या अर्जात पहिला परिच्छेद कशावर लिहायचा, ते त्यावरून ठरवू.