स्लॅबमधलं भोक आधी बंद करा

प्रश्न : मी येळ्ळूरचा. बेळगावात दोन-तीन मजली घरांची कामं घेतो. सगळ्यांना हेल्मेट आणि बेल्ट दिलेत. तरी गेल्या महिन्यात एक बिगारी डक्टच्या, म्हणजे पाइप वरखाली नेण्यासाठी स्लॅबमध्ये ठेवलेल्या, भोकातून खालच्या मजल्यावर पडला, पाय मोडला. भोकावर प्लाय टाकलेलं होतं, त्याच्या डोक्यावर हेल्मेटही होतं. आणखी काय करायला हवं होतं?
– एक तरुण ठेकेदार

उत्तर : असे अपघात बहुतेक एकाच तऱ्हेनं होतात. कामगाराला ते प्लाय हवं असतं, किंवा ते आडवं येतं. तो वाकून दोन्ही हातांनी ते उचलतो, छातीशी धरतो आणि एक पाऊल पुढं टाकतो. हातातल्या प्लायमुळंच पायाखालचं भोक दिसत नाही. मग सगळे म्हणतात, "त्याचं लक्ष नव्हतं." मला हे अजिबात पटत नाही. सुट्टं टाकलेलं प्लाय म्हणजे झाकण नव्हे, सापळा.

वरून विटेचा तुकडा आला तर हेल्मेट डोकं वाचवतं, पण पडणाऱ्या माणसाला धरत नाही. बेल्टचा हूक तरी अडकवणार कशाला? सेंटरिंगच्या, म्हणजे ओला स्लॅब पेलणाऱ्या तात्पुरत्या साच्याच्या, टेकूला अडकवला तर टेकूही त्याच्याबरोबर खाली येईल. म्हणून अंगावर काय घालायचं हे शेवटी बघा. आधी विचारा, हा धोका मुळातच काढून टाकता येईल का?

डक्टचा येतो. स्लॅबची जाळी बांधताना सळया भोकातून तशाच आरपार जाऊ द्या, तिथं काँक्रीट तेवढं ओतू नका. सहा इंचांच्या चौकटीतून माणूस जात नाही. वर प्लाय टाकून ते तारेनं सळयांना घट्ट बांधा, म्हणजे पायही अडकणार नाही. प्लंबर पाइप घालायला येईल त्या दिवशी सळया कापा. भोकाच्या कडेला इंजिनिअरनं दिलेल्या जादा सळया मात्र ठेवायच्याच.

जिनाही स्लॅबबरोबरच ओतून घ्या, शिडीवरून घमेली चढवणं संपेल. शहापूर-वडगावच्या बोळांत गॅलरीसमोरूनच विजेच्या तारा जातात. चाळीस फुटी सळई तशीच वर ओढू नका, खालीच कापा. तार हलवायला किंवा लाइन बंद ठेवायला मालकाला काम सुरू होण्याआधीच हेस्कॉम या वीज कंपनीकडे अर्ज करायला लावा.

पायाच्या खड्ड्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मला त्याचीच जास्त काळजी वाटते. आपली तांबडी माती उन्हाळ्यात भिंतीसारखी उभी राहते आणि तिथंच माणूस फसतो. मिरगाचे दोन पाऊस झाले की तीच कड ढासळते. एक घनमीटर माती दीड टनाच्या आसपास भरते. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस डोकं बाहेर असूनही गुदमरतो. खोल पाया मिरगाआधी उकरून भरून घ्या. ते जमलं नाही आणि खड्डा दीड मीटरपेक्षा खोल जाणार असेल, तर कडा उतरत्या कापा किंवा फळ्या-टेकूंचा आधार द्या. उकरलेली माती काठापासून निदान दीड मीटर लांब टाका. आधार लागेपर्यंत कुणालाही खाली उतरवू नका, मालक कितीही घाई करो. हे मराठी, कन्नड, हिंदी, ज्याला जी कळते त्या भाषेत रोज सकाळी तोंडानं सांगा.

ज्याचा पाय मोडला त्याच्याकडे कर्नाटक बांधकाम कामगार कल्याण मंडळाचं लेबर कार्ड आहे का, हे आजच विचारा. असेल तर अपघाताच्या मदतीचा अर्ज तुम्ही स्वतः बरोबर जाऊन भरून द्या. बाकीच्यांपैकी 18 ते 60 वयाच्या आणि वर्षात 90 दिवस काम केलेल्यांची नोंदणी करून घ्या. त्यासाठी कामाचा दाखला लागतो, तो तुम्हीच द्यायचा.