गटारी जवळ आलीय, म्हणून आधीच सांगतो

अरे, दारू सोडून तुला ९० दिवस झाले, छानच. पण "आता माझा कंट्रोल आहे" असं वाटायला लागलं की सावध हो. मी ११व्या महिन्यात घसरलो, तो काही दारूच्या आठवणीने नाही. सकाळी बायकोशी भांडण, दुपारी जेवण नाही आणि संध्याकाळी मावसभावाची हळद. "एकाने काय होतंय? आम्हाला परकं केलंस का?" एवढंच पुरलं. भूक, राग, एकटेपणा, थकवा हे चार शब्द दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला सारखे का घोकतात, ते तेव्हा कळलं.

खरं नुकसान पहिल्या पेगने नव्हे, दुसऱ्या दिवशीच्या लाजेने केलं. 'मोडलंच आहे, तर पिऊया' म्हणत ३ आठवडे गेले. अ‍ॅलन मार्लॅट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने नेमक्या याच मनःस्थितीचा अभ्यास केलाय. पाय घसरला तर त्याच रात्री मला फोन कर, कितीही वाजू देत.

आषाढ अमावास्येला "बसूया" म्हणणारे येतीलच. कारणं देत बसू नकोस, नुसतं "नाही" म्हण. घरच्यांनाही सांग, रोज तोंडाचा वास घेणं बंद करा. त्या संशयानेच (माझी तरी) पावलं गुत्त्याकडे वळायची. पगाराच्या दिवशी मात्र पैसे सरळ वहिनींच्या हातात दे.