दोन पासपोर्ट खिशात ठेवता येतात का?

प्रश्न (म्हापसा): आमचे आजोबा १९४०च्या दशकातले, जन्म गोव्यातलाच. त्यांच्या आधारावर चुलतभावाने लिस्बनला नोंदणी करून पोर्तुगीज पासपोर्ट काढला. भारतीय पासपोर्ट अजून जमा केलेला नाही, म्हणजे तोवर तो भारतीयच ना?

उत्तर: नाही हो, आणि हा गैरसमज गोव्यात लई पसरलाय. नागरिकत्व कायदा १९५५, कलम ९: स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की आपलं आपोआप जातं, कुणी नोटीस पाठवत नाही की सही मागत नाही, आणि नियमांप्रमाणे परदेशी पासपोर्ट हाच त्याचा पक्का पुरावा. जुना पासपोर्ट जमा करणं हे नंतरचं कागदोपत्री काम, ते केलं नाही म्हणून नागरिकत्व टिकत नाही, उलट त्याच पासपोर्टवर प्रवास केला किंवा इथे मतदान केलं तर प्रकरण अंगाशी येतं. गंमत अशी की १९ डिसेंबर १९६१च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना पोर्तुगाल आपले मानतो आणि भारताने १९६२च्या आदेशाने त्याच लोकांना भारतीय ठरवलं, नको असेल त्याने महिन्याभरात लिहून द्यायचं होतं. आजोबांनी काही मागितलं नव्हतं, नातवाने अर्ज केला, फरक तिथेच पडतो. भावाला सांगा, पासपोर्ट आधी जमा कर, मग ओसीआयचं (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) बघ.

प्रश्न (न्यू जर्सी): आम्ही दोघं भारतीय, मुलगी इथे जन्मली. तिला दोन्ही पासपोर्ट मिळतील?

उत्तर: दोन्ही नाही. वकिलातीत वर्षभरात जन्म नोंदवता येतो, पण तिच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं, आणि तुम्ही तर अमेरिकन काढणारच! मग ओसीआय घ्या. नावात सिटिझन असलं तरी ते नागरिकत्व नाही, मत देता येत नाही, गावाकडे शेतजमीन विकत घेता येत नाही (वारशाने आली तर गोष्ट वेगळी).

प्रश्न (नाशिक): सून ब्रिटिश आहे, लग्न झालं म्हणजे ती भारतीय झाली का? नातू इथेच जन्मला, त्याचं काय?

उत्तर: नुसत्या लग्नाने काही होत नाही, सात वर्षं इथे राहून मग नोंदणीसाठी अर्ज, आणि ब्रिटिश नागरिकत्व सोडायची तयारी. नातवाची काळजी नको. ३ डिसेंबर २००४नंतर इथे जन्मलेल्यांसाठी आईवडिलांपैकी एक भारतीय हवा आणि दुसरा बेकायदा आलेला नको, सूनबाई व्हिसावर आलेल्या असतील तर नातू जन्मानेच भारतीय. फक्त हौसेने त्याचा ब्रिटिश पासपोर्ट काढायच्या आधी एखाद्या वकिलाला विचारा.