बाबांचं मोठं ऑपरेशन ठरवण्याआधी

डिचोलीहून तुम्ही विचारलंय: बाबा ६८ वर्षांचे, जठराचा कॅन्सर बळावलेला, सीटी स्कॅनमध्ये पोटाच्या आतल्या पडद्यावर डाग असल्याचा संशय, आणि घरचे म्हणतात, 'एकदाचं सगळं काढून टाकूया.' सर्जरीच्या वॉर्डात नर्स म्हणून माझी हयात गेली. हे वाक्य मी असंख्य नातेवाइकांकडून ऐकलंय. मायेपोटीच म्हणतात, पण त्यावर निर्णय घेऊ नका.

आधी पोटाला बारीक छिद्र पाडून दुर्बिणीतून (लॅपरोस्कोपी) पोट आतून बघून घ्यायला सांगा. पडद्यावरचे बारीक दाणे सीटीत बऱ्याचदा दिसतच नाहीत. दुर्बिणीतून ते दिसतात, त्यांचा तुकडा काढता येतो आणि पोट धुतलेलं पाणी पेशींच्या तपासणीला पाठवता येतं.

दाणे नसतील, पाणीही स्वच्छ असेल, तर मोठ्या ऑपरेशनला अर्थ आहे. तब्येत झेपत असेल तर साधारणपणे आधी किमो, मग जठर आणि भोवतालच्या लसिका गाठी काढणं, मग परत किमो.

आजार पडद्यावर किंवा यकृतात पोचला असेल, तर मात्र मी थांबायला सांगेन. जपान, कोरिया आणि सिंगापूरमधल्या १७५ रुग्णांवरचा 'रेगाटा' अभ्यास २०१६ मध्ये आला. अशा रुग्णांत जठर काढून किमो देण्याने आयुष्य वाढलं नाही. ऑपरेशन आणि किमो झालेल्यांतले निम्मे रुग्ण १४.३ महिन्यांहून जास्त जगले, नुसत्या किमोवरचे निम्मे १६.६ महिन्यांहून. जठर पूर्ण काढलं की खाणं तुटतं, वजन उतरतं, मग किमोचे डोसही पुरे होत नाहीत. हे मी खाटेशेजारी उभं राहून पाहिलंय. किमोने डाग पूर्ण विरले तर ऑपरेशनचा विचार पुन्हा होऊ शकतो, पण असे रुग्ण थोडे, आणि ते अनुभवी टीमनेच ठरवावं.

जेवण पुढे सरकत नसेल, उलट्या होत असतील, तर गोष्ट वेगळी. तिथे स्टेंट (अडलेली वाट उघडी ठेवणारी नळी) घालतात किंवा बायपास (जठर आतड्याला जोडून अन्नाला नवी वाट) करतात. त्याने कॅन्सर जात नाही, पण घोटभर पेज पोटात राहते, आणि तेही मोलाचं आहे.

वयाचा बाऊ करू नका. बाबा अजून कुळागरात चालत जातात का, सहा महिन्यांत वजन किती उतरलं, रक्तातलं अल्ब्युमिन (पोषणाचा अंदाज देणारं प्रथिन) किती, हे डॉक्टरांना सांगा. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात दाखवा किंवा मुंबईला टाटा हॉस्पिटलात, बायोप्सीचे ब्लॉक (तपासलेल्या तुकड्याचे मेणातले ठोकळे) बरोबर न्या आणि हर-टूची, म्हणजे कॅन्सरच्या पेशींवरच्या ज्या प्रथिनावर औषधाची निवड ठरते त्याची, तपासणी झाली का ते विचारा.

तुमच्या एवढ्या लांब प्रश्नात बाबांचं स्वतःचं म्हणणं कुठेच आलेलं नाही. डॉक्टरांकडे जायच्या आदल्या रात्री त्यांच्याजवळ बसून ते विचारा.